राहून गेलेली ‘दर आठवड्याची’ कामं : अ‍ॅपने आधी कोणतं काम दाखवायला हवं?

कामांची यादी ठेवणारी अ‍ॅप्स आता अनेकांच्या फोनमध्ये असतात. कुंड्यांना पाणी, स्कूटरचं सर्व्हिसिंग, क्रेडिट कार्डाचं बिल, आईच्या गोळ्या अशी फिरून फिरून येणारी कामं त्यात एकदा टाकली की अ‍ॅप वेळच्या वेळी आठवण करून देतं. रोजची घडी नीट बसलेली असते तोवर सगळं सुरळीत चालतं. परीक्षा होते ती घडी विस्कटल्यावर. आठ दिवस ताप आला, गणपतीला गावी जाणं झालं किंवा ऑफिसात मार्चअखेरची धावपळ झाली, की यादीत वीस-पंचवीस कामं लाल अक्षरांत उभी राहतात.

त्यातलं आधी कोणतं करायचं? तारखेनुसार लावलेल्या यादीत याचं उत्तर ठरलेलं असतं : ज्याची तारीख सर्वांत जुनी, ते सर्वांत वर. नियम सरळ वाटतो. पण त्यामुळे दोन महिने रखडलेली माळ्याची साफसफाई पहिल्या क्रमांकावर येते आणि काल मुदत संपलेला गाडीचा विमा तळाला जातो. किती दिवस उशीर झाला आणि त्या उशिराने किती नुकसान होणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या अ‍ॅपने दुसरी गोष्ट बघायला हवी. ती बघायची कशी, हे समजून घेण्यासाठी तीन प्रश्न क्रमाने सोडवावे लागतात.

फिरून येणारं काम वेगळं का असतं?

एकदाच करायचं काम राहिलं तर ते राहिलेलं एक काम असतं. पासपोर्टचा अर्ज भरायचा आहे, भरला नाही, म्हणजे अजून भरायचा आहे. त्यात गोंधळ नाही.

फिरून येणाऱ्या कामात मात्र मागची खेप राहिलेली असतानाच पुढची येऊन उभी राहते. मग मागची करायची की पुढची, की दोन्ही? पुढची तारीख जुन्या वेळापत्रकाने धरायची की आजपासून मोजायची? आणि अशी दहा कामं एकदम अंगावर आली तर सुरुवात कुठून करायची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली, तर तिसऱ्याचं उत्तर बरोबर येऊच शकत नाही, कारण यादीच चुकीची तयार झालेली असते.

पहिला प्रश्न : चार वेळा चुकलं, तर बाकी किती?

याची उत्तरं तीन प्रकारची आहेत : चार, एक किंवा शून्य.

‘चार’ हे उत्तर जिथे प्रत्येक खेपेचा हिशोब स्वतंत्र असतो तिथे लागू पडतं. दर महिन्याला भरायचं जीएसटीचं ‘जीएसटीआर-३बी’ हे विवरणपत्र चार महिने राहिलं, तर चारही भरावी लागतात, तीही क्रमाने. मागच्या महिन्याचं भरल्याशिवाय पुढच्याचं भरता येत नाही. घरभाडं, सोसायटीचा मेन्टेनन्स, कर्जाचे हप्ते ही याच जातीची कामं.

‘एक’ हे उत्तर साफसफाई आणि देखभालीच्या कामांचं. कुंड्यांना चार दिवस पाणी घातलं नाही म्हणून आज चार वेळा घालायचं नसतं. एकदा घातलं की मागची सगळी बाकी फिटते.

‘शून्य’ हे उत्तर वेळ गेल्यावर अर्थ उरत नाही अशा कामांचं. मंगळवारी सकाळचं फिरणं शुक्रवारी करता येत नाही. शुक्रवारी होतं ते शुक्रवारचं फिरणं. औषधांच्या बाबतीत तर हा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. राहिलेला डोस भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत, असं बहुतेक औषधांबाबत सांगितलं जातं. राहिलेली गोळी किती उशिरापर्यंत घेता येते हे औषधागणिक बदलतं आणि ते डॉक्टरांनाच विचारायचं असतं. अशा वेळी एखाद्या अ‍ॅपने ‘३ गोळ्या बाकी’ असं लाल अक्षरांत दाखवलं, तर ते गैरसोयीचं नव्हे, धोक्याचं आहे.

संगणकाच्या दुनियेत हा प्रश्न जुना आहे. युनिक्स प्रणालीत ठरलेल्या वेळी कामं चालवणारा ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्रॅम असतो. रात्री दोन वाजता बॅकअप घ्यायचा असेल आणि त्या वेळी संगणक बंद असेल, तर क्रॉनच्या लेखी ती खेप गेली ती गेली. चोवीस तास चालू नसणाऱ्या संगणकांसाठी मग ‘अ‍ॅनाक्रॉन’ आला. तो काम शेवटचं कधी झालं ती तारीख लक्षात ठेवतो आणि मधले कितीही दिवस चुकले असले तरी संगणक सुरू झाल्यावर ते काम एकदाच करतो. म्हणजे क्रॉनचं उत्तर ‘शून्य’, अ‍ॅनाक्रॉनचं ‘एक’. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. माणसाच्या यादीत मात्र तिन्ही प्रकारची कामं शेजारी शेजारी असतात आणि अ‍ॅप त्या सगळ्यांना एकच उत्तर लावतं, तिथे घोळ होतो.

दुसरा प्रश्न : पुढची तारीख कुठून मोजायची?

समजा, पाण्याच्या फिल्टरची जाळी दर १५ दिवसांनी धुवायची आहे. १ तारखेचं काम ९ तारखेला झालं. मग पुढची वेळ १६ तारखेची की २४ तारखेची? जाळी ९ तारखेला स्वच्छ झाली आहे, त्यामुळे २४ हेच उत्तर शहाणपणाचं. पण दर महिन्याच्या ५ तारखेला भरायचं भाडं ९ तारखेला भरलं, म्हणून पुढच्या महिन्याचं भाडं ९ तारखेवर जात नाही. ते ५ तारखेलाच राहतं.

हा फरक सर्वांत काटेकोरपणे ‘ईमॅक्स’ या जुन्या संपादकातल्या ‘ऑर्ग मोड’मध्ये मांडलेला दिसतो. तिथे पुनरावृत्तीची तीन चिन्हं आहेत. नुसतं ‘+’ दिलं तर तारीख बरोबर एक खेप पुढे सरकते, मग ती नवी तारीखही उलटून गेलेली का असेना. ‘++’ दिलं तर तीच चाल, तोच वार कायम ठेवून तारीख भविष्यात येईपर्यंत सरकते. ‘.+’ दिलं तर काम ज्या दिवशी झालं त्या दिवसापासून पुढचं अंतर मोजलं जातं. जीएसटीला पहिलं, दर रविवारच्या आठवडी बाजाराला दुसरं आणि फिल्टरच्या जाळीला तिसरं चिन्ह योग्य.

‘टूडूइस्ट’ या लोकप्रिय अ‍ॅपमध्ये ‘एव्हरी’ या इंग्रजी शब्दापुढे उद्गारचिन्ह दिलं, तर पुढची तारीख काम झाल्यापासून मोजली जाते. ‘थिंग्ज’ या अ‍ॅपमध्ये काम पूर्ण झाल्यानंतर पुन्हा यावं, असा वेगळा पर्याय मिळतो. सोय आहे, पण ती शोधावी लागते. त्यामुळे अनेकांच्या यादीत देखभालीची कामंही ठरल्या तारखेला बांधलेली राहतात. मग आज धुतलेली जाळी परवा पुन्हा ‘धुवा’ म्हणून समोर येते आणि यादीवरचा विश्वास उडतो.

तिसरा प्रश्न : आधी कोणतं?

आता मूळ मुद्दा. ‘सर्वांत जुनी तारीख आधी’ या नियमाला शास्त्रीय आधार आहे. सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ मध्ये ठरावीक अंतराने येणाऱ्या कामांच्या नियोजनावर एक शोधनिबंध लिहिला. संगणकशास्त्रात तो आजही पायाभूत मानला जातो. ज्याची मुदत सर्वांत जवळ ते काम आधी, या पद्धतीचा त्यात अभ्यास आहे. एकाच प्रोसेसरवर सगळी कामं वेळेत बसणं मुळात शक्य असेल, तर ही पद्धत ती बसवतेच.

पण अट महत्त्वाची आहे : सगळी कामं बसणं शक्य असेल तर. कामं वेळेपेक्षा जास्त झाली की हीच पद्धत कोसळते. मुदत उलटलेल्या कामाला ती आधी हात घालते, तोवर पुढच्याची मुदत उलटते, मग त्याच्या पुढच्याची. एका रांगेत उभ्या केलेल्या विटा पडाव्यात तशी एकामागून एक सगळीच कामं उशिरा होतात. आजारपणातून उठलेल्या माणसाची यादी नेमकी याच अवस्थेत असते. मागचं निस्तरण्यात दिवस जातो आणि आजचं काम उद्याच्या लाल यादीत जाऊन बसतं.

दिवस मोजण्यापेक्षा प्रमाण मोजणं बरं

यावरचा एक चांगला उपाय पाठांतराच्या अ‍ॅपमध्ये सापडतो. ‘अँकी’ या अ‍ॅपमध्ये प्रश्नोत्तरांची कार्डं वाढत्या अंतराने पुन्हा समोर येतात. काही दिवस अभ्यास बुडाला की शेकडो कार्डं साचतात. ती कोणत्या क्रमाने घ्यायची, यासाठी अँकीत एक पर्याय आहे : उशीर किती दिवसांचा झाला हे न बघता, तो मूळ अंतराच्या मानाने किती आहे ते बघायचं.

हेच गणित घरच्या कामांना लावून पाहू.

• पाण्याची पिंपं आणि कूलर कोरडे करणं : दर ७ दिवसांनी, उशीर ४ दिवस, म्हणजे ५७ टक्के.
• पंखे पुसणं : दर ३० दिवसांनी, उशीर १० दिवस, म्हणजे ३३ टक्के.
• स्कूटरचं सर्व्हिसिंग : दर ९० दिवसांनी, उशीर १५ दिवस, म्हणजे सुमारे १७ टक्के.
• गॅसची सुरक्षा नळी बदलणं : दर ५ वर्षांनी, उशीर ६० दिवस, म्हणजे सुमारे ३ टक्के.

जुनी तारीख आधी या नियमाने गॅसची नळी पहिली आणि पिंपं शेवटची आली असती. प्रमाण काढल्यावर क्रम बरोबर उलटा झाला, आणि तोच जास्त योग्य आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या पाण्यात अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत साधारण सात ते दहा दिवस घेतो. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असं पावसाळ्यात सांगितलं जातं ते याचसाठी. सात दिवसांचं काम अकराव्या दिवशी केलं, तर डास उडून गेलेले असतात. इथे चार दिवसांचा उशीर म्हणजे काम जवळजवळ वाया. पाच वर्षांच्या नळीला दोन महिन्यांच्या उशिराने तेवढा फरक पडत नाही. अर्थात नळीला चीर दिसली किंवा वास आला, तर मात्र गणित करत बसायचं नसतं.

प्रमाणही कुठे चुकतं?

गाडीचा विमा दर वर्षी भरायचा असतो. एक दिवस उशीर झाला तर प्रमाण निघतं ०.३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे यादीत सर्वांत खाली. पण त्याच दिवशी ती गाडी रस्त्यावर काढणं बेकायदा ठरतं आणि अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर येतो.

कारण सगळ्या कामांचं नुकसान सारख्या चालीने वाढत नाही. त्याचे ढोबळमानाने तीन आकार दिसतात.

पहिला उताराचा. पंखे, कुंड्या, सर्व्हिसिंग यांत नुकसान हळूहळू वाढत जातं. इथे प्रमाणाचा नियम चपखल बसतो.

दुसरा कड्याचा. एका ठरावीक क्षणापर्यंत फारसं काही होत नाही आणि तो क्षण ओलांडला की एकदम खाली. गंमत अशी की हा कडा दर वेळी यादीतल्या तारखेवर नसतो. क्रेडिट कार्डाच्या बिलाची तारीख उलटल्यावर तीन दिवसांपर्यंत विलंब शुल्क लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे (व्याजाचा हिशोब वेगळा). आयुर्विम्याचा हप्ता दरमहा असेल तर १५ दिवस आणि तिमाही, सहामाही किंवा वार्षिक असेल तर ३० दिवस वाढीव मुदत मिळते. त्यानंतर पॉलिसी बंद पडू शकते. गाडीच्या विम्याला तर दोन कडे आहेत : मुदत संपण्याचा दिवस आणि त्यानंतरचा नव्वदावा दिवस. नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर इतक्या वर्षांत जमलेली ‘नो क्लेम बोनस’ची सवलत जाते.

तिसरा विरून जाणारा. सकाळचं फिरणं, कालचा रियाज, गेल्या शनिवारचा आजीला करायचा फोन. ती खेप गेली. आता प्रश्न फक्त आजच्या खेपेचा.

वजनं देऊन क्रम लावणं

‘टास्कवॉरियर’ हे संगणकावर चालणारं मोफत साधन प्रत्येक कामाला गुण देऊन क्रम लावतं. मूळ मांडणीत मुदतीला १२, तर ‘महत्त्व जास्त’ या खुणेला ६ इतकं वजन असतं. मुदतीचे गुण तारखेच्या १४ दिवस आधीपासून वाढू लागतात आणि मुदत उलटून ७ दिवस झाले की वाढायचे थांबतात.

हे थांबणं शहाणपणाचं आहे. त्यामुळे तीन महिने रखडलेलं काम केवळ जुनं म्हणून कायम डोक्यावर बसत नाही. पण सात दिवसांची ही मर्यादा रोजच्या कामाला आणि वर्षातून एकदा येणाऱ्या कामाला सारखीच लागते. फिरून येणाऱ्या कामांसाठी ती प्रत्येक कामाच्या अंतराप्रमाणे बदलायला हवी.

मग अ‍ॅपने नेमकं काय करावं?

वरच्या सगळ्यातून एक साधी पद्धत निघते. काम यादीत टाकतानाच अ‍ॅपने एक प्रश्न विचारावा : ‘हे राहिलं तर काय होईल?’ उत्तरासाठी तीनच पर्याय पुरेत : ‘हळूहळू बिघडेल’, ‘अमुक दिवशी मोठं नुकसान होईल’ आणि ‘ती वेळ निघून जाईल’. त्यानंतर राहिलेल्या कामांचा क्रम असा लागावा.

१. ज्यांचा कडा अजून पुढे आहे पण जवळ आला आहे, ती कामं सर्वांत वर. त्यांचा आपसातला क्रम कड्याला किती दिवस उरले त्यावरून. ‘२ दिवस उशीर’ असं लिहिण्यापेक्षा ‘दंड लागायला १ दिवस बाकी’ असं लिहावं.

२. कडा ओलांडला आहे आणि नुकसान रोज वाढतं आहे, ती कामं त्याखाली. जीएसटी विवरणपत्राला दिवसाला ५० रुपये (व्यवहार शून्य असेल तर २० रुपये) विलंब शुल्क ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत चढत जातं. त्यामुळे आज भरण्यात आणि पुढच्या आठवड्यात भरण्यात फरक पडतो.

३. त्यानंतर आज ज्यांची मुदत आहे ती आणि उताराची राहिलेली कामं एकत्र. उताराच्या कामांचा क्रम उशिराच्या प्रमाणावरून लावावा आणि घरच्यांच्या तब्येतीशी किंवा सुरक्षिततेशी जोडलेल्या कामांना जास्त वजन द्यावं.

४. विरून गेलेल्या खेपा यादीतून काढाव्यात. ‘या आठवड्यात ३ वेळा चुकलं’ अशी नोंद इतिहासात राहू द्यावी, पण आजच्या यादीत फक्त आजची खेप असावी.

आणखी एक गोष्ट. एखादं काम दर वेळीच उशिरा होत असेल आणि तरी काही बिघडत नसेल, तर दोष माणसाचा नसून ठरवलेल्या अंतराचा असू शकतो. चार-पाच वेळा असं झालं की ‘हे काम १५ ऐवजी २० दिवसांनी चालेल का?’ असं अ‍ॅपने विचारायला हवं. ऑर्ग मोडमध्ये सवयीच्या कामांसाठी अशी ढील आधीच देता येते : काम कमीत कमी किती दिवसांनी करायचं आणि जास्तीत जास्त किती दिवसांपर्यंत चालेल, हे दोन्ही आकडे तिथे लिहिता येतात.

सगळंच लाल असेल तर?

प्रत्येक राहिलेलं काम लाल दाखवलं की लाल रंगाचा अर्थच उरत नाही. पंखे आणि विमा एकाच रंगात दिसू लागले, की डोळा दोन्हींवरून सारखाच घसरतो. लाल रंग कड्याच्या कामांपुरता राखून ठेवला आणि बाकीची राहिलेली कामं साध्या रंगात दाखवली, तर यादी वाचावीशी वाटते.

दुसरा मुद्दा रजेचा. ‘हॅबिटिका’ या अ‍ॅपमध्ये यादी खेळासारखी चालते आणि रोजचं काम चुकलं की खेळातल्या पात्राची तब्येत खालावते. पण त्यातही हे नुकसान थांबवून ठेवायची सोय आहे. आजारपण, प्रवास, घरातलं लग्नकार्य यांसाठी अशी ‘रजा’ प्रत्येक अ‍ॅपमध्ये हवी. फक्त रजेतही कड्याची कामं झाकली जाऊ नयेत. माणूस गावी गेला तरी विम्याची तारीख थांबत नाही.

आजच्या अ‍ॅपमध्ये काय करता येईल?

असं अ‍ॅप हाताशी नसेल, तरी आहे त्या अ‍ॅपमध्ये बरंच काही साधतं.

• कड्याच्या कामांची वेगळी यादी करावी. बिलं, विमा, हप्ते, विवरणपत्रं एवढीच त्यात असावीत. कामं साचली की आधी हीच यादी उघडायची. यातली बरीच कामं पाच-दहा मिनिटांत होतात.

• देखभालीच्या कामांना ‘काम झाल्यापासून मोजा’ हा पर्याय लावावा.

• खरी मुदत आणि काम हाती घ्यायचा दिवस वेगळे ठेवावेत. ‘थिंग्ज’ आणि ‘ऑम्निफोकस’ या अ‍ॅप्समध्ये या दोन तारखा स्वतंत्र देता येतात. मुद्दाम चार दिवस आधीची खोटी मुदत टाकली, तर ती खोटी आहे हे मनाला ठाऊक असतं आणि हळूहळू खऱ्या मुदतीही तशाच वाटू लागतात.

• चालणं, वाचन, रियाज यांच्या चुकलेल्या खेपा ‘झालं’ म्हणून खूण न करता सरळ वगळाव्यात. खोटी खूण केली की पुढे आपल्या सवयीबद्दलची माहितीच खोटी होते.

• औषधांच्या वेळा कामांच्या यादीत मिसळू नयेत. त्यासाठी वेगळा गजर किंवा औषधांसाठीच बनवलेलं अ‍ॅप ठेवावं आणि डोस चुकला तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून लिहून ठेवावं.

साचलेली यादी पाहून बहुतेकांना वाटतं की सगळं उरकल्याशिवाय सुटका नाही. प्रत्यक्षात वीस-पंचवीस लाल कामांपैकी आज न केल्याने खरंच काही बिघडेल अशी कामं बऱ्याचदा दोन-तीनच असतात. ती नेमकी कोणती, एवढं जरी अ‍ॅपने वेळेत सांगितलं, तरी त्याचं निम्मं काम झालं.